भुकूमच्या दोन खोल्यांची व्यवस्था

मी, करिष्मा धुळा मरगळे, वय २६, शिक्षण बी.कॉम., नोकरी हिंजवडी, राहणार धनगरवस्ती, पौडजवळ, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी जागेवर आहे. मला कोणी धमकावलेले किंवा भुलवलेले नाही. घाई आहे, ती माझी मीच करते आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि तेवढ्यातच चार कागदांवर सह्या घेतात. म्हणून पाचवा कागद मी माझा करते. सकाळपासून दोन मसुदे फाडले, ते कोणी धरू नयेत.

१. माझी कानातली फुले आणि बँकेत उरेल ती शिल्लक आई राजाबाई हिला मिळावी. आईने त्यातून आधी मोतीबिंदू काढून घ्यावा. दोन वर्षे ती ‘दिसतंय की मला’ म्हणते आणि सुई माझ्याकडून ओवून घेते.

२. माझी स्कूटर मोठा भाऊ शंभू याला. वडिलांच्या माघारी त्यांची लोकर कातरायची कातर त्याच्याकडेच आहे, ती त्याचीच, कारण मेंढरे अजून तोच राखतो. वडिलांनी निम्मा कळप विकून भुकूमला दोन खोल्या बांधल्या आणि त्या माझ्या नावे केल्या. म्हणाले, ‘तुला कागूद वाचता येत्यात.’ शंभूने त्याबद्दल मला कधी विचारले नाही, पण तो विषय निघाला की तो भाकरी जरा जोरात मोडतो. दादा, मी ते पाहिले आहे.

३. चुलते जयसिंग यांना माझ्या पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स द्यावी. घरात पहिली पदवी आली त्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले होते, ‘कागूदच हाय, शेळीबी खाईल.’ प्रत लॅमिनेट करून द्यावी, म्हणजे शेळी खाणार नाही.

४. भुकूमच्या दोन्ही खोल्या विकून सगळी रक्कम अंध मुलांच्या निवासी शाळेला द्यावी, आणि माझी धाकटी बहीण गौतमी हिचा शंभूने सांभाळ करावा. — हे कलम मी सकाळी लिहिले होते. आता ते रद्द आहे. का रद्द झाले तेही लिहिते, नाहीतर शाळेवर कोणी भलता संशय घेईल.

गौतमी बावीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. त्या शाळेत ती दहा वर्षे राहून शिकली. मीही तिथे रविवारी वाचून दाखवायला जाते. ती शाळा चांगली चालावी असे मला मनापासून वाटते. देणारे तिथे कमी नाहीत. वाढदिवस, पुण्यतिथी, आर्थिक वर्षाची अखेर, गाड्या येतच असतात. एका आठवड्यात पाच वेळा गुलाबजाम झाले, आणि त्याच आठवड्यात ब्रेलचा कागद संपला म्हणून मुले जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांवर लिहीत होती.

मी तरी काय वेगळे केले? तीन वर्षांपूर्वी महिनाभर साहेबांच्या मागे लागून कंपनीकडून चाळीस पांढऱ्या काठ्या मिळवल्या. सगळ्या एकाच मापाच्या, मोठ्या माणसाच्या. काठी ज्याची त्याच्या छातीच्या उंचीची लागते, हे मला ठाऊक नव्हते. पहिलीतली मुले डोक्यापेक्षा उंच काठ्या धरून फोटोला उभी राहिली आणि मी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या बहुतेक काठ्या आज कोठीघरात पडून आहेत.

दुपारी हा कागद मी गौतमीला वाचून दाखवला. ती वाल सोलत होती.

‘आन मी कुटं राहायचं?’

‘दादाकडं. लिवलंय की, त्यानं सांभाळ करावा.’

‘करडासारखा?’ ती म्हणाली. ‘शाळंतल्या पोरांना इचारलंस, काय पायजे ते?’

‘त्यांच्या भल्याचंच हाय.’

‘काठ्याबी भल्याच्याच हुत्या. एकाला तरी उभं करून मापलंस का, आक्का?’

मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मग मी पहिल्यांदाच विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, एक नंबरची खोली. गेल्या महिन्यात भाडेकरू गेला, ती रिकामीच आहे. तिथे तिला एकटीने राहायचे आहे आणि शिकवण्या घ्यायच्या आहेत.

शंभू मेंढरांना पाणी पाजून आत येत होता. ‘एकटी कशी राहशील?’ तो म्हणाला. ‘लोकं म्हणतील, आंधळी भैन घराभाईर काढली.’

‘लोकास्नी म्हनावं, तिचं ती गेली.’

मी म्हटले, बरे, एक नंबरची खोली माझ्या पश्चात गौतमीला, आणि लिहायला बसले.

‘म्हंजी मला खोली मिळाया तू मरायला पायजेस?’ गौतमीने विचारले. ‘आन तू वाचलीस तर मी हितंच वाल सोलत बसू?’

आई ‘काय बोलती ही’ म्हणत पदर तोंडाला लावून हसली. शंभूही हसला. मला हसू आले नाही. मी चाळीस मुलांचा विचार करत होते, आणि एक मुलगी दोन वर्षे माझ्याच घरात बसून होती.

५. हे कलम गौतमीने सांगितले तसे लिहिले आहे. मी यात शब्द घातलेला नाही. वाचून दाखवले, तिने मान्य केले:

‘एक नंबरची खोली आजपासनं माजी. किल्ली मिळाली. लाइटबिल मी भरनार. दादा, तू कवाबी ये, पन कडी वाजवून. सांभाळ करा असं कुटंबी लिवू नये.’

बक्षीसपत्र उद्या सोमवारी करणार आहोत. ते राहून गेल्यास हे कलम पुरेसे मानावे.

६. दोन नंबरची खोली विकू नये. तिचे भाडे शाळेत मुलांना रस्ता शिकवणारी नवी शिक्षिका नेमण्यासाठी द्यावे. गौतमीला उज्वलाबाईंनी तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी पौड रस्त्यावर नेऊन चालणे शिकवले, बस ओळखणे, सुट्टे पैसे देणे, वाट विचारणे शिकवले. बाई निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून मुले फाटकाबाहेर जातात ती फक्त सहलीला. काठ्या दरवर्षी प्रत्येकाला मापून घ्याव्यात, कारण मुले वाढतात. त्याखेरीज काही द्यायचे असेल तर आधी मुलांना विचारावे. माझ्या नावाची पाटी, फोटो किंवा गोड जेवण नको.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उज्वलाबाईंनी करावी. त्यांनी फोनवर होकार दिला आहे. त्या माझ्यापेक्षा कमी भावनेने वागतील, याची मला खात्री आहे.

साक्षीदार दोघेही ओट्यावर चहा घेऊन बसले आहेत आणि मी सही करत नाही म्हणून त्यांतल्या शेजारच्या लीलाबाई दोनदा आत डोकावून गेल्या. गौतमीलाही साक्षीदार व्हायचे होते, पण जिला मिळायचे तिने साक्ष देऊ नये असे मी तिला सांगितले. ‘मग मी हितं थांबून काय करू?’ म्हणाली. काठी आणि किल्ली घेऊन तीन वाजता एकटीच निघाली. शंभू बसथांब्यापर्यंत मागे मागे गेला, तिने पायांवरून ओळखले आणि परत धाडला. आता पाच वाजत आले. मी तीनदा फोन उचलला आणि ठेवला. आपण करायचा नाही, असे ठरले आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. ‘पोचले. कुलूप गंजलंय, पन उघडलं. पंखा फिरत न्हाई.’

८. पंख्याचा खर्च माझा. मी राहिले तर स्वतः येऊन बसवीन, कडी वाजवून.

चौथ्या कलमावर काट मारली आहे, काटेखाली माझी सही आहे. बाकी सर्व मी वाचले, समजले आणि मान्य केले.

करिष्मा धुळा मरगळे
(सही)

करिष्माने आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यानंतर तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. लीलाबाई नरहरी कोकरे, शेजारी (सही)
२. सोमनाथ बापूसाहेब ढेबे, किराणा दुकानदार (सही)

ठिकाण: धनगरवस्ती, पौडजवळ, ता. मुळशी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी साडेपाच