पातेल्याच्या खालचं घर

४ तारीख, सोमवार.
कॅन्टीनच्या भिंतीला ओल आलीय. झाकायला केमिस्ट्रीच्या मास्तरने जुना तक्ता दिला. फुकट. फुकट कोण देतं?
नुसते चौकोन, आत इंग्रजी अक्षरं. म्हणाला, मावशी, जगातलं सगळं ह्यांचंच बनलंय. डावीकडे धातू, चकाकतात, तापतात, ठोकले की पसरतात. उजवीकडे अधातू, ठोकले की भुगा. मधे थोडे कुंपणावरचे. आणि अगदी कडेला वायू, ते कोणात मिसळतच नाहीत. म्हटलं, कळलं, आमचे हे.
उभ्या रांगेतले सगळे म्हणे एकमेकांचे नातलग, स्वभाव जुळतात. हे पटलं. ‘ही तुमची पातेली’ म्हणून अॅल्युमिनियमचा चौकोनही दाखवला.
गुरुवारी प्राचार्यसाहेब कमिटी घेऊन चहाला येणार. कॅन्टीन माझ्याकडे ठेवायचं की चहाचं मशीन आणायचं, तिथेच ठरणार. मला घोर नाही. मशीनला आलं किसता येतं का?

५ तारीख, मंगळवार.
मास्तर टेप घेऊन माझं कॅन्टीन मोजत होता! विचारलं तर म्हणे सहज. मशीन कुठे मावेल तेच बघत असणार. मी माणूस बरोब्बर ओळखते.
दुपारी लॅबमध्ये चहा घेऊन गेले, तर हातातलं काहीतरी घाईने बाटलीत घातलं. चांदीसारखा गोळा. किंमत विचारली, म्हणाला, महाग असतो मावशी, हात लावू नका. म्हणजे कॉलेजचा माल घरी नेतोय.
रिकामे ग्लास उचलताना बाटली फडक्याखाली घेतली. ही चोरी नाही. पुरावा आहे. गुरुवारी कमिटीपुढे ठेवणार.
बाटलीवरची अक्षरं तक्त्यात शोधली. अॅल्युमिनियमच्या बरोब्बर खालचं घर! सख्खं नातं. मग लपवायला दुसरी जागा कशाला हवी? मोठं पातेलं तारेच्या घासणीने चरचरून घासलं, गोळा तळाशी ठेवला, पातेलं शेगडीवरच्या फळीवर. बाटली कचऱ्यात. पांढऱ्यात पांढरं, कोणाच्या बापाला दिसणार नाही.

६ तारीख, बुधवार.
गोळा गायब.
पातेल्यात नुसता करडा डाग. माझी धाकटी जाऊ कॅन्टीनमध्ये हाताखाली असते; फळीपाशी माझ्याशिवाय तीच जाते. सरळ म्हटलं, तो चांदीसारखा गोळा काढ बाहेर. ती म्हणाली, ताई, मी तुमची साखरसुद्धा विचारून घेते. म्हटलं, विचारून घेणारेच न विचारता घेतात. तिने अॅप्रन काढून आपटला. तुमची चांदी तुम्हालाच लखलाभ, म्हणाली, आणि गेली.
गेली तर गेली. एकटी समर्थ आहे.
डाग पुन्हा दाबून घासला.

७ तारीख, गुरुवार.
लिहायची इच्छा नाही.
पातेल्यात दूध उकळलं. कमिटी समोर बसलेली. मी ऐटीत दोन्ही कान धरून पातेलं उचललं. कान वर आले, तळ शेगडीवरच राहिला. दूध प्राचार्यसाहेबांच्या बुटांत. तळाचा तुकडा हातात घेतला, बिस्किटासारखा मोडला.
जाऊ राहिलेला डबा न्यायला आली होती. घरून स्वतःचं स्टीलचं पातेलं आणून चहा केला. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. मेल्यांना लाज नाही.

८ तारीख, शुक्रवार.
मास्तर बाटली शोधत आला. मोडका तळ बघितला आणि डोक्याला हात लावला. ते गॅलियम होतं म्हणे. हाताच्या उबेनेही वितळतं. वितळलं की अॅल्युमिनियमच्या अंगात शिरतं आणि आतून भुसभुशीत करतं. मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात नातलग! तो म्हणाला, हो मावशी, नातलगच.
टेप कशाला, तर मला नवं सिंक मिळावं म्हणून अर्ज करणार होता. आता सांगतोय.

९ तारीख, शनिवार.
मशीन येणार नाही. कमिटीची चिठ्ठी आली. कॅन्टीन जाऊबाईंच्या नावावर. ती येऊन म्हणाली, ताई, चहा मी करते, तुम्ही भांडी घासा, तुमचा हात जोरकस आहे. टोमणा की कौतुक, कळेना. हो म्हटलं.
मग तिचं ते स्टील तक्त्यात शोधलं. मास्तरलाही विचारलं. ह्यात स्टीलला घरच नाही म्हणे.
बघा. मला आधीपासून संशय होताच.