वासाच्या चीजचं वेगळं टेबल

ब्रनो, गुरुवार, ६ मार्च

प्रिय लिबुश्का,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तुला दुरूनच कळलं असेल. तरी फोडलंस, हेच खूप झालं. आता एवढं केलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधेच रागाने चुरगळलंस तर पुन्हा सरळ कर आणि वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या वह्या चुरगळायचीस आणि मग आईच्या धाकाने त्यांच्यावर इस्त्री फिरवत बसायचीस. ब्रनोहून ओलोमोउत्सला गाडीने दीड तास लागतो, आणि तेवढं अंतर तोडायला मला तेवीस वर्षं पुरली नाहीत. तू म्हणाली होतीस, “यार्का, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.” मी टाकलं नाही. तू हट्टी, पण मी तुझीच थोरली बहीण.

सरळच सांगते, मला भीती वाटते आहे. जानेवारीत बोझेनाचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, तुझी शेजारीण झाली तरी ती आधी माझी शाळेतली मैत्रीण आहे. पोहायला गेला होतात तेव्हा कपडे बदलताना तिला दिसलं म्हणे. डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली. तिने विचारलं तर तू म्हणालीस, “काही नाही गं, गार गाठ आहे, वाव्रांनी बघितली आहे, उन्हाळ्यापर्यंत विरघळेल.” म्हणजे डॉक्टर नाही, लंबक फिरवून रोग सांगणारा तो वाव्रा. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर किती वेळ बसून होते कोण जाणे, समोर बटाट्याचं सूप उतू जात होतं आणि मला उठून गॅस बंद करणं सुचत नव्हतं.

तुला आई आठवते की नाही? तिने आठ महिने लपवलं. कामाच्या त्या चौकड्यांच्या अ‍ॅप्रनखाली. पडदे टांगायला हात वर केला आणि ती कण्हली, तेव्हा तुला कळलं. तुला, मला नाही. मी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांना शहाणपण शिकवत होते आणि घरातलं मला दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. म्हणून ‘उन्हाळ्यापर्यंत’ हा शब्द ऐकला की मी महिने मोजायला लागते.

आता मधेच आमच्या मंडळींची गोष्ट सांगते. कंटाळू नकोस, तिचा तुझ्याशी संबंध आहे. तू आम्हाला शंकासुर म्हणायचीस. तर या शंकासुरांचं दर दोन वर्षांनी युरोपात कुठेतरी संमेलन भरतं. देशोदेशीचे दोन-तीनशे लोक चार दिवस एकत्र येतात, भुताखेतांपासून चमत्कारी पाण्यापर्यंत सगळ्यांची चिरफाड करतात आणि शेवटच्या दिवशी बिअर पीत एकमेकांचीही करतात. पुढच्या वर्षीचं शहर निवडायला आम्ही पाच जण फेब्रुवारीत व्हिएन्नाला जमलो होतो. चार शहरांचे अर्ज होते. पूर्वी या बैठकीत नुसती भांडणं व्हायची. ज्याला त्याला आपलंच गाव प्यारं. पोर्तुगीज म्हणणार, आमच्याकडे समुद्र आहे. बेल्जियमचे म्हणणार, आमच्याकडे बिअर आहे. दहा वर्षांपूर्वी मीच वैतागून एक नियम केला. अर्जातली शहरांची नावं, रस्ते, नद्या, फोटो सगळं काढून टाकायचं, नुसती अक्षरं द्यायची, आणि प्रत्येकाने वेगळं बसून गुण द्यायचे. सभागृहाला इतके, राहण्याला इतके, प्रवासाला इतके. औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे जसं कुणालाच कळू देत नाहीत, तसंच. आणि वाचताना एखादं शहर ओळखू आलंच, तर लगेच हात वर करायचा आणि खोलीबाहेर जायचं. ओळखूनही गप्प बसणं म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठं पाप. आम्ही देव मानत नाही, पण हा नियम मानतो.

नावं पुसायचं काम तोरुनकडे असतं. ही नॉर्वेची बाई इतकी काटेकोर, की अर्जात ‘डोंगर’ असेल तर तोही खोडते. चौथा अर्ज हातात आला. साधं सभागृह, ट्राम दारात, विद्यापीठाची मुलं मदतीला. युरोपात अशी पन्नास गावं असतील. मग जेवणाचं पान आलं. तिथे लिहिलं होतं: दुपारी ब्रेडबरोबर गावचं वासाचं चीज ठेवू, ज्यांना तो वास सोसत नाही त्यांच्यासाठी खिडकीजवळ वेगळं टेबल मांडू. तोरुन बिचारी नॉर्वेची, तिला त्यात काय कळणार! तिने ते तसंच राहू दिलं. मला मात्र त्या एका ओळीत आपलं ओलोमोउत्स कळलं.

बाबा बाल्कनीत बसलेले मला त्या पानावर दिसले गं. डिसेंबरातसुद्धा आई त्यांना बशीसकट बाहेर काढायची, “घरात ही घाण नको, तुमचं वेगळं टेबल बाहेर.” आणि आपण दोघी कोट चढवून त्यांच्यामागून जायचो. एका घोंगडीत तिघं. कांदा बाबा चिरायचे, तू चीजच्या कडा खायचीस आणि मधला भाग मला द्यायचीस, कारण मधला तुला कडू लागायचा. मी तो त्यागच समजत होते.

हात वर करायला हवा होता. एका क्षणाचं काम. समोर योस्ट बसला होता, आमचा डच अध्यक्ष, त्याची पेन्सिल चालू होती. मी माझ्या हाताकडे बघत राहिले आणि तो हलेना. मग त्याच हाताने मी चौथ्या अर्जाला सगळ्या रकान्यांत दहापैकी दहा दिले. बाकीच्या तिघांना मुद्दाम कमी. आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली, एकाहत्तराव्या वर्षी, आणि तीही स्वतःच केलेल्या नियमाविरुद्ध. बेरीज झाली. तीन गुणांनी चौथा अर्ज पुढे गेला. तोरुनने नाव वाचलं आणि योस्ट टाळ्या वाजवत माझ्याकडे वळला, “यार्मिला, हे तर तुझं माहेर निघालं! आणि तुलाच पत्ता नाही, याला म्हणतात चोख पद्धत!” शेजारी बुडापेस्टची पिरोश्का, तिची नजर घारीची. म्हणाली, “काय गं, भूत बघितल्यासारखी का झालीस? आपल्याला परवानगी नाही हं भुतं बघायची.” सगळे हसले. मीही हसले.

तेव्हापासून फोन वाजला की मी दचकते. वाटतं पिरोश्का असेल, म्हणेल, कळलं गं मला. एस्टोनियातल्या तार्तूची मंडळी तीन गुणांनी हरली. त्यांनी दोन वर्षं राबून अर्ज केला होता आणि त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? पण खरं सांगू, फोन पिरोश्काचा नाही असं कळलं की दुसरी भीती वाटते, बोझेनाचा असेल म्हणून. ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आता त्या दिवसाबद्दल. आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही, आज मी काढते. तुझा नवरा ओल्द्रा गेला तेव्हा तू त्रेचाळीस वर्षांची होतीस. झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरांनी तुला सहा मिनिटं दिली आणि वाव्राने दोन तास. तो आपला लंबक बाजूला ठेवून तुझं ऐकत बसला, हे तू मला सांगितलंस आणि मी म्हणाले, हीच त्यांची युक्ती असते. त्यानंतर सहा महिन्यांनी मी त्याला सांस्कृतिक भवनाच्या मंचावर आव्हान दिलं. पडद्याआड दहा माणसं, पाच मूत्रपिंडाचे रोगी, पाच धडधाकट, लंबक धरून ओळखा. त्या पाच धडधाकटांत तू आपणहून जाऊन बसलीस, त्याच्या बाजूने. त्याचे दहातले चार बरोबर आले. निकाल मला नुसता वाचता आला असता. पण सभागृह भरलेलं होतं, आणि मी म्हणाले, “वाव्रासाहेबांनी लंबकाऐवजी नाणं उडवलं असतं तर एखादा गुण जास्त मिळाला असता.” काय हशा पिकला! आणि तू पडद्याआडून बाहेर आलीस. मला वाटलं होतं तू वाव्राकडे बघशील. तू माझ्याकडे बघितलंस.

चाचणी बरोबर होती, लिबुश्का. आजही तीच घेईन. वाव्राच्या लंबकाला काही कळत नाही, तेव्हाही नव्हतं, आताही नाही. पण तो हशा माझा होता, आणि त्याची मला लाज वाटते. तेवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू सत्यावर रुसलीस. तू माझ्यावर रुसलीस, आणि मला दाखवून द्यायला तू त्याच्या दारात आणखी घट्ट बसलीस, असं मला आता वाटतं. माझी खरी भीती ही आहे. तो हशा पिकवला नसता तर गाठ हाताला लागली त्या दिवशी तू आधी मला फोन केला असतास.

आणखी एक ऐकून घे, तुला हसू येईल. मी दरवर्षी छातीची तपासणी करून घेते, आईनंतर एकही वर्ष चुकवलं नाही. आणि दरवर्षी जाताना आईचा निळा स्कार्फ गळ्यात असतो. एकदा विसरले तर अर्ध्या रस्त्यातून परत आले, ट्राम सोडून. स्कार्फमुळे काही होत नाही हे मला पुराव्यासकट सिद्ध करून दाखवता येईल. तरी तो नसला तर माझे पाय उचलत नाहीत. हे मी पिरोश्काला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही.

तर मी ही लबाडी का केली, ते तुला कळलंच असेल. मला निमित्त हवं होतं. तू दारात येऊ नकोस म्हणाली होतीस, गावात येऊ नकोस असं म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, संमेलनाच्या नावाखाली येईन, तयारी बघायला म्हणून आधी दोन-चार फेऱ्या मारीन, एखाद दिवशी बाजारात समोरासमोर येऊ, तू तोंड फिरवशील, मी मागे लागेन. भित्र्या माणसाचा बेत होता तो. पण परवा बोझेनाने सांगितलं की तू आता डाव्या हातात पिशवी धरत नाहीस. त्यापुढे संमेलन सुचेना की योस्ट सुचेना. आज सकाळी मी योस्टला लिहून टाकलं, अर्ज मला ओळखू आला होता, मी हात वर केला नाही, माझे गुण रद्द करा आणि मला समितीतून काढा. म्हणजे संमेलन तार्तूला जाईल, जायलाच हवं. आता तुझ्या गावी यायला माझ्याकडे कसलंही निमित्त उरलेलं नाही, आणि मंगळवारी दहाच्या गाडीने मी येते आहे. बुधवारी सकाळी इथे ब्रनोला तपासणीच्या लागोपाठ दोन वेळा घेतल्या आहेत, एक माझ्या नावाची, एक तुझ्या. आधी मी आत जाईन, तू फक्त बाहेर बस, आणि मग तुला वाटलं तर तू ये. वाव्राला सोड असं म्हणायला मी येत नाही. हवं तर त्याला विचार, हवं तर त्याचा लंबक पर्समध्ये घालून आण, मी एक शब्द बोलणार नाही, हसणार तर मुळीच नाही. दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन, आणि माझ्याकडे ते चीज असेल, तेव्हा शेजारीपाजारी फार वेळ बसू देणार नाहीत, हे लक्षात ठेव. निळा स्कार्फ मी आणते आहे. या खेपेला तो तू गळ्यात घाल.

अजूनही मधला भाग खाणारी,
तुझीच,
यार्का