उपणणीचं वारं

आबा, काल आपल्या पवनचक्की संस्थेची सभा झाली आणि संस्था मोडायचा ठराव मी माझ्याच हाताने लिहिला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे कळवायची काही घाई नव्हती. पण दुपारी स्वयंपाकघर आवरून बसले आणि दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचेना. फार थकलेय मी.

चक्कीची जागा ठरवायचं सभेने तुमच्यावर सोपवलं होतं. तुम्ही अध्यक्ष, मी सचिव. त्या दिवशी खळ्याच्या टेकाडावर आपण तिघंच होतो, तुम्ही, मी आणि शहरातून आलेला तो इंजिनिअर. त्याने वर्षभर या टेकाडावर आणि वरच्या माळावर खांब रोवून वारा मोजला होता. तो म्हणत होता, वरचा माळ घ्या. तुम्ही खळ्याच्या कडेला उभे राहिलात, मूठभर भुसा हवेत सोडलात. तो लांबवर उडाला. "साहेब, या जागी आमी जिंदगीभर ज्वारी उपणली. तुमी आमाला वारं काहून शिकवून राहिले?" त्याने दोनदा आकडे दाखवले, मग वही मिटली. गावाची चक्की आहे, गाव म्हणेल तिथे, एवढंच म्हणाला. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

घरटी एक माणूस वाळू-खडी वाहायला आला. तांड्यावरच्या बायांनी तर सगळ्यांच्या दुप्पट पाट्या वाहिल्या. फाल्गुनात चक्की फिरली, नळाला पाणी चढलं, गिरणी सुरू झाली, डोंगरापलीकडच्या गावांतली माणसं बघायला आली. मग आषाढ लागला. वारा दिशा बदलून वरच्या माळाआडून यायला लागला आणि टेकाडाला शिवेचना. आपण उपणतो उन्हाळ्यात. आषाढात खळ्यावर जातो कोण? सरकारी लाईट नेमकी पावसात जायची आणि आपली पाती तेव्हाच उभी. तुम्ही रोज सकाळी टेकाडावर जाऊन भुसा सोडून पाहायचात. तो पायाशीच पडायचा.

एक दिवस तसेच ओल्या धोतराने चुलीपाशी येऊन बसलात. मी भाकरी थापतेय, तुम्ही विस्तवाकडे बघताय. "माय, चूक माही हाय. लोकं त्या साहेबाला बोल लावून राहिले. सभेत सांग, म्हातारा चुकला म्हणावं. मला तं उभं राहणं व्हत न्हाई." मी म्हणाले, सांगते. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

पुढच्या सभेत कुणीतरी विचारलंच, जागा दाखवली कोणी? तुमच्या फोटोला घातलेला हार अजून सुकलाही नव्हता. मी म्हणाले, इंजिनिअरने. एका शब्दात मोकळी झाले. तेव्हापासून उन्हाळ्यात चालणारी आणि पावसात रुसणारी ती चक्की आम्ही कशीबशी रेटत आलो, आणि दरवर्षी सभेला माणसं कमी होत गेली.

आता एका कंपनीला तो वरचा माळ भाड्याने हवाय. जमीन गावाची राहील, वीज त्यांची. महिन्यापूर्वी त्या इंजिनिअरचा आपणहून फोन आला. म्हणाला, गाव राबणार असेल तर तुमची चक्की वर हलवून देतो. काल सभेत मी हे सांगितलं तर तांड्यावरची म्हातारी लगेच म्हणाली, "हलवू की. माहं डोकं अजून शाबूत हाय, पाट्या वाहीन." तेवढ्यात मागून एक जण बोलला, "त्यानंच तं मागं जागा चुकवली. पुन्हा त्याच्याच भरवशावर?" म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, कागद तुह्याकडं असतात. खरंच त्यानं दावली व्हती का जागा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, कागद बघावे लागतील." हात वर झाले, माळ कंपनीला गेला, संस्था मोडायचं ठरलं. म्हातारीने हात वर केला नाही.

ठरावावर माझी सही अजून व्हायचीय. सभा परत बोलावता येते, नियम मला पाठ आहेत. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, आबांच्या इज्जतीसाठी गप्प बसले. पण तुम्ही तर चुलीपाशी बसून सरळ कबूल केलं होतंत. लाज मला वाटत होती, तुमची. आणि हेही तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही. त्या म्हातारीच्या दारात जाऊन सांगायला मला अजून उठवत नाही.