उरलेलं औषध

राळेगाव,
दि. ९ डिसेंबर १९६१

चि. भावसिंग यास वामन गुरुजींचे आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. तुझ्या आईच्या, म्हणजे तू म्हणतोस तसं याडीच्या, पायाचा अंगठा काढावा लागला हे वाचलं. चष्मा काढून ठेवला तो संध्याकाळपर्यंत लावला नाही. उत्तराला पाच दिवस का लागले, ते पुढे कळेलच.

इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. थंडी बरी पडते. शाळेची खिडकी माझ्या ओसरीसमोरच, त्यामुळे पेन्शनीत निघालो तरी वर्ग सुटलेला नाही. काल पोरं आंधळ्या बैलाची कविता म्हणत होती. तुला आठवते? तू तिसरं कडवं नेहमी गाळायचास, बैल वाटेत पडतो ते. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी. आजोबांच्या तोंडून तांड्याच्या बैलांच्या गोष्टी ऐकलेला तू, तुला ते सोसायचं नाही. पण चाल अशी गोड लावायचास की मी डोळे मिटून ऐकत राहायचो. कधी टोकलं नाही. टोकायला हवं होतं.

तू लिहिलंस की डॉक्टर विचारतात, रोज वीस युनिटं इन्सुलिन घेऊन साखर इतकी चढली कशी? औषध उन्हानं बिघडलं का? आणि खाली लिहिलंस की याडी चोरून गूळ खात असणार, तिला तू फार बोललास, ती भिंतीकडे तोंड करून निजली.

भावसिंग, तिनं गुळाचा खडाही तोंडात टाकलेला नाही. औषधही बिघडलं नव्हतं. तू यवतमाळहून ओल्या फडक्यात बांधून पाठवायचास ती बाटली मी माठाखालच्या गार वाळूत जपली. तांड्यात कुणाला सुईवरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून तू ते काम माझ्यावर सोपवलंस. रोज सकाळी ती ओसरीवर येऊन बसायची, दंड पुढे करायची आणि दुसरीकडे बघायची.

आता मनीचं सांगतो. तुझ्या काकूची मांजर. काकू गेल्यावर घरात माझ्याशी बोलणारी तेवढीच उरली. उन्हाळ्यात ती रांजणभर पाणी प्यायला लागली, वाळली, मागचे पाय जमिनीला घासत चालू लागली. रोग ओळखला तो तुझ्या याडीनंच. न्हाणीपाशी थबकून म्हणाली, "गुरुजी, मनीच्या मुतावर मुंग्या लागून राह्यल्या. हिलेबी माहाच रोग झाला काय जी?"

मी टोपलीत घालून तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. बैलांच्या रांगेत मांजर घेऊन उभा राहिलो, लोक हसले. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, दूधभात बंद करा, मासळी द्या, थोडा फरक पडेल. नव्या गोळ्या निघाल्यात, पण मांजरावर कुणी करून पाहिल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. खरा उपाय इन्सुलिनच, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिटं. पण ते माणसांनाच मिळता मिळत नाही, मांजराच्या नावानं चिठ्ठी कोण देणार? नाहीतर तिला जाऊ द्या, म्हणाला. महिनाभर मी नदीवरून मासळी आणली. आयुष्यात कधी हात न लावलेली वस्तू या हातांनी चिरली. मनी वाळतच गेली.

श्रावणापासून मी याडीला सोळाच युनिटं देत आलो. चार मनीला. बाटली ठरल्या दिवशीच संपायची, म्हणून तुला कधी शंका आली नाही.

हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तिथे कापूस आणि कविता लिहीत बसलो. डॉक्टरांना आधी हे सांग, मग बाकीचं वाच. वीस युनिटं कमी पडली असं समजून ते मात्रा वाढवत असतील, तर तिला एकाएकी घाम फुटून शुद्ध हरपायची.

एकदा मनीला टोचताना तिनं पाहिलं. मी म्हणालो, तुमचं झाल्यावर थोडं उरतं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "बरं करता जी गुरुजी. उरलेलं फेकाचं कायले? थेबी जीवच हाये."

त्या दिवसापासून आपली सुई झाली की ती स्वतःच मनीला हाक मारायची.

दसऱ्याच्या सुमारास मनी पुन्हा खिडकीवर चढली. मी वेड्यासारखा काकूच्या फोटोला सांगायला गेलो. त्याच आठवड्यात कापसाच्या रानात याडीच्या पायात पऱ्हाटीच्या वाळल्या झाडाचा खुंट घुसला. जखम भरेना. मी रोज हळद लावत होतो, पट्टी बदलत होतो, आणि दुसऱ्या दिवशी सुईत औषध पुन्हा सोळाच्या रेघेपर्यंतच भरत होतो. मनात म्हणायचो, चार युनिटांनी असा काय फरक पडतो? ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली, त्याचा हा हिशेब.

अंगठा त्यानेच गेला की कसं, ते डॉक्टर सांगतील. मला विचारशील तर मी सांगू शकत नाही, आणि रात्रंदिवस दुसरं काही विचारूही शकत नाही.

तू तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलंस त्या दिवशी मोटारीत चढताना ती मला म्हणाली, "वाळूतली बाटली मनीलेच द्या. मले तं दवाखान्यात भेटन." मी मान हलवली. सोमवारपर्यंत मनीला त्यातूनच दिलं. तुझं पत्र आल्यापासून बाटलीला हात लावलेला नाही. लबाडीवर मिळालेला होकार तो. बाटली फडक्यात बांधून या पत्राबरोबर तांड्यातल्या नेमसिंगच्या हाती सकाळच्या मोटारीनं पाठवतो.

मनी आत्ता माठाजवळ येऊन बसली आहे. तिची वेळ झाली. बाटली कुठे असते ते तिला ठाऊक आहे.

एक काम कर. हे पत्र याडीच्या खाटेपाशी बसून मोठ्यानं वाच. तिला वाचता येत नाही आणि तू गाळणारा आहेस, म्हणून बजावतो. या वेळी तिसरं कडवं गाळू नकोस. आधी गुळाची माफी माग, मग वाच. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं मला लिही. काहीच बोलली नाही तर तसं लिही. तुझ्या मनानं गोड करू नकोस.

वर आशीर्वाद लिहिले ते हाताच्या सवयीनं. याडीला माझा नमस्कार सांग, पायाला हात लावून केलेला.

तिचा अपराधी,
वामन