डोलकाठीला कल्हई

६ डिसेंबर १९३७, सोमवार
भाटघरला जाऊन होडी पाहिली. शी! धरणावरचा साहेब विलायतेला परत जाताना मी काढत असलेल्या मुलींच्या वर्गासाठी ती देऊन गेला, म्हणजे काठावर टाकून गेला. आत बेडूक, मासळीचा वास, आणि शिडाची डोलकाठी मधोमध चिरलेली. चिरेवर कोणी तरी तांब्याची पट्टी मारली आहे, तीही तांब्याच्या खिळ्यांनी. सगळ्यावर हिरवा थर. त्याला हात लागला. घरी येऊन तीनदा साबण लावला.

तरी निश्चय पक्का. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतल्या पाच मुली आल्या तर दहा नावे होतात आणि वर्गाला मंजुरी मिळते. नाही आल्या तर वर्ग नाही. वल्ह्यांनी यायला दीड तास लागतो, शिडाने अर्धा. वाडीतल्या बनाबाईने साफ सांगितले, "गुरं यायच्या वक्ताला पोरी घरला पायजेत. न्हाईतर शाळा तुमच्यापाशीच ऱ्हाऊंद्या."

पहिली फेरी ३ जानेवारी. बी.एस्सी. झालेल्या मुलीला एक काठी दुरुस्त करता येऊ नये?

८ डिसेंबर
होडीवाला रखमाजी म्हणाला, "ताई, खिळं चांगलं हायती. हिरवं वरवरचं, आत तांबं जसंच्या तसं. तेच फिरून ठोकू, वर डांबर लावू." मग पाण्यात तंबाखू थुंकला आणि त्याच पाण्याने चूळ भरली. या माणसाकडून मी धातुशास्त्र शिकायचे!

त्याला समजावले, की हिरवे म्हणजे विष. आमच्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकलेले ताक कोणी तोंडाला लावत नाही, मग तसल्या खिळ्यांवर मुलींचा जीव कसा सोपवू?

"डोलकाठीत कोन ताक घुसळतंय?" म्हणाला. अडाणी.

११ डिसेंबर
लोखंडी स्क्रू घेण्याचे ठरले. नसरापूरहून चाळीस आणवले. लोखंड गंजते हे मला कोणी सांगायला नको. वर दुसऱ्या धातूचा थर दिला की झाले. पुस्तकात जस्ताचा थर आहे. भोरात जस्त चढवणारा नाही, पण कथील चढवणारा कल्हईवाला दारावर येतो. दोन्ही पांढरे, दोन्ही धातू. पुस्तक काढून खात्री करणार होते, पण ट्रंक माळ्यावर आणि माळ्यावर उंदरांच्या लेंड्या. त्या तुडवत कोण जाणार? तत्त्व पाठ आहे.

१३ डिसेंबर
कल्हईवाला आला. भाता, कोळसे, नवसागराचा धूर. दिवसभर घशात खवखव. स्क्रू पाहून म्हणाला, "बाई, पातेली आना, पराती आना. ह्ये काय?" शेवटी तांब्याची जुनी पट्टी आणि खिळे देऊ केले, तेव्हा कबूल झाला. ती घाण उचलून तो हसत हसत गेला. लोकांना कशाचीही हाव असते.

स्क्रू चांदीसारखे दिसतात. आई म्हणाली, "पातेली तशीच काळी राहिली, आणि खिळ्यांचे लग्न लागले!"

स्क्रूंना नवसागराची पूड चिकटून आहे. आप्पा म्हणाले, धुऊन टाक. पण ती खारट, ओलसर, बोटांना नकोशी. शिवाय आप्पा चौथी पास. घरातली पहिली पदवीधर या नात्याने मी वाद टाळला. धुतले नाहीत.

१६ डिसेंबर
चिमाजी सुतार काठी सांधायला आला. पहिलाच स्क्रू घट्ट भोकात पिळला आणि कल्हईचे कपचे निघाले. मी ओरडले. थर खरवडला की आतले लोखंड उघडे पडते! सगळी भोके मोठी पाडायला लावली, शिवाय थर घासू नये म्हणून आत लोणी भरायला लावले. चिमाजी म्हणाला, "ताई, स्क्रू धरत न्हाई. आत पवतोय."

पोहू दे म्हटले. थर शाबूत राहिला पाहिजे.

जाताना म्हणाला, "ह्ये काम म्या केलं म्हून कुनाला सांगू नगा." या वयात इतका विनय! त्याच्या हाताला लोण्याचा आणि बिडीचा वास येत होता. नमस्कार लांबून केला.

२७ डिसेंबर
काठी उभी करून शीड बांधले त्याला चार दिवस झाले. आज पाहते तर स्क्रूंपासून खाली शिडावर तांबूस ओघळ, पान खाऊन थुंकल्यासारखे. रखमाजीला खडसावले.

"बारा फूट उंच थुकाया म्या काय हत्ती हाय?" म्हणाला.

माझे समाधान झाले नाही. उद्या नक्की पुस्तक पाहायचे.

२८ डिसेंबर
माळ्यावर उंदीर जिवंत आहे.

३ जानेवारी १९३८
लिहायची इच्छा नाही. थोडक्यात लिहिते.

सकाळी वारा समोरून, म्हणून रखमाजीने वल्ह्यांनी पलीकडे नेले. पाचही मुली तयार होत्या. बनाबाई काठावर. मी चार शब्द बोलले, मग शीड उभारले. वारा भरला. होडी सुंदर निघाली. मी बनाबाईकडे हात हलवला. तेवढ्यात पहिला स्क्रू निघाला, मग दुसरा, मग मोजता आले नाहीत. सांधा उघडला, काठी वाकली आणि अख्खे शीड माझ्या अंगावर आले. ओले, गंजाने डागाळलेले, आंबलेल्या लोण्याच्या वासाचे. तोंडातसुद्धा गेले.

कोणाला लागले नाही. मी शिडाखालून "घाबरू नका" असे सांगत होते. घाबरले कोणीच नव्हते. होडीत आणखी दोन वल्ही पडली होती. मुलींनी ती उचलली. बनाबाईची मुलगी धोंडा आरडत होती, "वढा गं, वढा! बाईस्नी वास येतोय!" रखमाजीसकट सगळ्या ओढू लागल्या. पाऊण तासात अलीकडे.

आंघोळ दोनदा. वास जात नाही.

५ जानेवारी
दहा नावे झाली. अर्ज गेला. मोहीम यशस्वी. होडीला वेग हवा होता, तो मिळाला. साधन कोणते, हा गौण प्रश्न.

बनाबाईने रखमाजीबरोबर निरोप धाडला, "पोरी रोज येतील. त्यास्नी वल्हवाया ग्वाड वाटतंय. फकस्त बाईस्नी हुडीत घेऊ नगा. वजान हुतंय."

मीही याच निष्कर्षाला आले होते. शिक्षिकेने काठावर उभे राहून मार्गदर्शन करणे हेच शास्त्रीय. आज सकाळी मोठ्याने मार्गदर्शन केले. कोणीच इकडे पाहिले नाही.