किल्ली बाहेर

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबांनी घरच्या लेथकडे, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनकडे, हात नेला आणि किल्ली चकमध्येच! चक म्हणजे लोखंड घट्ट धरणारा जबडा. तो आवळायची किल्ली आत राहिली आणि मशीन फिरलं, तर ती गोळीसारखी सुटते. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. चाळीस वर्षं ज्यांनी कारखान्यात इतरांना ‘किल्ली बाहेर’ म्हणून दटावलं, ते किल्लीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.
लेथचा फ्यूज काढून माझ्या कपाटात ठेवला.
बाकी दिवस बरा. काल संध्याकाळी मी लेथवर केलेला पितळी बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळी, ऑफिसच्या वजनकाट्यात चपखल बसला. बाबांची मुलगी शोभते म्हणायची.

५ फेब्रुवारी
बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा. तीसपैकी पंचवीस. काठावर, त्या म्हणाल्या. औषधाची घाई नको. रोज संथ व्यायाम. हात उचलताना लक्ष हातातच, पाऊल टाकताना पावलातच. शरीर एकीकडे आणि मन भलतीकडे, असं चालणार नाही. दोघं एका कामाला लागली की मेंदूचीही मशागत होते. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी.
तोवर लेथ बंद. ही अट माझी. बाबा “बरं” म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “हिलाही करायला सांगा. मी एकटा नाही करायचो.”

६ फेब्रुवारी
गच्ची, सकाळी साडेसहा. मी स्टॉपवॉच आणि तक्ता घेऊन. पाच मिनिटांनी बाबा: “इंजिनीअरीणबाई, तुम्ही मोजताय. करत नाही आहात.”

१२ फेब्रुवारी
एका पायावर उभं राहणं. बाबा ३१ सेकंद, मी १९. माझी चप्पल घसरत होती.

१३ फेब्रुवारी
अनवाणी. १७.

२१ फेब्रुवारी
बाबांनी व्यायामात कारखाना आणला. प्रत्येक हालचालीआधी मोठ्यानं: पाऊल घट्ट. खांदे खाली. श्वास बाहेर. मशीन सुरू करण्याआधी असंच म्हणायचे म्हणे, म्हणून दहाही बोटं शाबूत. मध्येच माझा फोन वाजला. मी बोलून परत येईपर्यंत ते बगळ्यासारखे एका पायावर. उगाच दाखवायला!

२ मार्च
आत्याचा फोन. माणूस काय, मशीन काय, बंद ठेवलं की गंजतं, म्हणाली. म्हटलं, तेलपाणी चालू आहे. खरं म्हणजे बाबा रोज बंद लेथ फडक्यानं पुसतात. मग स्टुलावर बसून राहतात. मी तिकडे बघत नाही.

१० मार्च
फोन आज घरातच ठेवला. तक्ताही. तळपायाखालची फरशी कुठे गार, कुठे कोमट, तेवढंच बघत राहिले. किती सेकंद, माहीत नाही. बाबा म्हणाले, पुष्कळ.
ऑफिसात एक फाइल एकदाच उघडली आणि एकदाच बंद केली. एरवी चारदा उघडावी लागते, म्हणून नोंद.

१९ मार्च
अठ्ठावीस! डॉक्टरीणबाई खूश, पण एका आकड्यावर जाऊ नका, व्यायाम सोडू नका, म्हणाल्या. बाबांनी विचारलं फक्त फ्यूजबद्दल. उद्या सकाळी, व्यायाम झाल्यावर, मी म्हणाले.

२० मार्च
एका पायावर उभी राहून डावा हात संथपणे वर नेत होते. तेव्हा आठवलं. तो रविवार. फोन खांद्यात धरलेला, ऑफिसातला माणूस पलीकडून मापं सांगतोय. मी बुश सोडवला, दिवा मालवला. आणि किल्ली चकमध्येच. हाच हात.
बाबांना सांगितलं. ते एका पायावर होते, हलले नाहीत.
“ठाऊक आहे. मी ती काढायलाच हात नेला होता. चाचणीतले पंचवीस मात्र माझेच हं.”
मग बोलला का नाहीत, मी विचारलं. फ्यूज माझ्या मुठीत होता.
“बोललो असतो, तर तू रोज सकाळी इथे आली असतीस? पाय टेकलास बघ. पुन्हा पहिल्यापासून.”