आबांची नाणी आणि माझी केमिस्ट्री

५ जुलै, रविवार
आबा, म्हणजे चित्राचे वडील, आज साताऱ्याला परत गेले. जाताना चांदीची चोवीस जुनी रुपयाची नाणी माझ्या हवाली केली. तिकडे घराची गळती काढायचं काम चाललंय, आणि ऑगस्टमध्ये इथल्याच प्रदर्शनात ती मांडायची आहेत. "जावईबापू, तुम्ही केमिस्ट. काळी पडू देऊ नका," म्हणाले. लखनौत जानकीपुरमच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलीत. याहून सुरक्षित हात कुठे मिळणार?
चित्रा म्हणाली, आबांनी चाळीस वर्षं कागदाच्या पुड्यांत ठेवली, तशीच माझ्या कपाटात राहू देत. कागद! हसलो.

७ जुलै
निश्चय: नाण्याला उघडा हात लावायचा नाही. सुती हातमोजे आणणे. तोवर सगळी एकदा नीट बघून घेतली. दशहरी आंबा खात होतो. एका नाण्यावर अंगठ्याचा ठसा दिसतोय. पूर्वीचाच असणार.

११ जुलै, सकाळी
अलीगंजहून मऊ, चकचकीत प्लॅस्टिकची पाकिटं आणली. मुक्ताने (लेक, बीएस्सी दुसरं वर्ष) एक हुंगलं आणि म्हणाली, "बाबा, ये पीव्हीसी है. सिक्के हरे हो जाएँगे." तिला अर्धा तास पॉलिमर समजावले. ती सारखी फोनमध्ये बघत होती. नोट्स घेत असावी.

२० जुलै
पाच नाणी हिरवी. चिकटसुद्धा. दोष लखनौच्या दमट हवेचा.
नवा प्लॅन: हवाबंद डबा. झाकणाला जाड रबरी रिंग, आत बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या. नाण्यांचे गठ्ठे करून रबरबँड लावले. किल्लाच! निश्चय: पंधरा दिवस डबा उघडायचा नाही.

२१ जुलै
उघडला. फक्त खात्रीसाठी. दुपारी पुन्हा.

१ ऑगस्ट
काळी. रबरबँडखाली तर पट्टेच. रबरात गंधक असतं, त्याने चांदी काळवंडते. हे मी स्वतः पोरांना शिकवलंय, तेव्हा ज्ञान कमी पडलं असं कोणी म्हणू शकत नाही.
त्यात मोजली तर तेवीस! आबा हवाई दलात भरती होताना त्यांच्या आईने हातावर ठेवलेला रुपया गायब. सोफा उलटा केला, बुटांची खोकी झटकली. शेवटी चित्राला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, तो मी पहिल्याच दिवशी काढून घेतला. पुडीत आहे, कपाटात. जाऊन पाहिला, जसाच्या तसा होता. नवऱ्यावर इतका अविश्वास! बोलणार होतो, पण आधी तिला चहा करून दिला.

८ ऑगस्ट
गरम पाणी, सोडा, अॅल्युमिनियम फॉइल. दहा मिनिटांत सहा नाणी लखलखीत! उरलेली टाकणार, तोच मुक्ता किंचाळली, "बाबा! पुराने सिक्के कोई धोता है क्या?" म्हणे संग्राहकांना जुनी झाकच हवी असते. हे आधी सांगायला काय झालं होतं?

१४ ऑगस्ट
आबा आले. एकेक नाणं भिंगाखाली धरलं. हिरवी, काळी, लखलखीत. दमट हवेवर बोलायची तयारी केली होती. "चुकलं आबा," एवढंच निघालं.
आबांनी चित्राने दिलेली पुडी उघडली. आईचा रुपया बराच वेळ तळहातावर धरला. मग हसायलाच लागले. डोळे पुसत म्हणाले, "हा आहे ना? मग बाकीच्यांचं काहीतरी करू."
संध्याकाळी प्रदर्शनवाल्या विनयजींशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. माझं नाव दोनदा ऐकू आलं. मला स्वतंत्र टेबल देताहेत! निश्चय: निळा कोट.

१६ ऑगस्ट, रविवार
टेबलाला तुफान गर्दी. आबांची तेवीस नाणी तीन ओळींत. वर मोठी पाटी, 'सिक्के ऐसे न रखें'. खाली बारीक अक्षरांत, 'प्रयोग: डॉ. दिनकर पाटणकर'.
दिवसभर कोटात उभा राहून उत्तरं दिली. निघताना विनयजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "डॉक्टर साहब, अगले साल ताँबे के भी कुछ ख़राब कर लाइए." आनंदाने हो म्हणालो. चित्रा मागेच उभी होती.
घरी आल्यापासून देवघरातली तांब्याची पळी-पंचपात्री दिसत नाहीये. शेजारच्या विनीताजींकडे सुरक्षित आहे म्हणे.